कवटीचा पतंग ओळखताना या चुका टाळा

पतंगाच्या (मॉथच्या) पाठीवर कवटीसारखी नक्षी दिसली की 'ॲट्रोपॉस' असं नाव ठोकून मोकळं व्हायचं, ही चूक सगळ्यात जास्त होते. ॲकेरॉन्शिया या प्रजातीत ॲट्रोपॉस, स्टिक्स आणि लॅकेसिस अशा तीन जाती आहेत आणि कवटी तिघांच्याही पाठीवर असते. (प्रजाती म्हणजे जीनस, जवळच्या जातींचा गट; जाती म्हणजे स्पीशीज. बोलताना आपण दोन्ही एकच समजतो आणि अर्धा घोळ तिथेच होतो.) म्हणून आधी फोटो कुठला आहे ते विचारा. ॲट्रोपॉस मुख्यतः आफ्रिका आणि युरोपातला, बाकीचे दोघे आशियातले.

खरी खूण मागच्या पंखांवर असते आणि नेमके तेच बसलेल्या पतंगाचे पुढच्या पंखांखाली झाकलेले असतात. वरून काढलेले दहा फोटोही मग कुचकामी. लॅकेसिसच्या मागच्या पंखाच्या बुडाशी मोठा काळा डाग असतो. स्टिक्सच्या मागच्या पंखाचं बूड पिवळं आणि पुढे दोन काळे पट्टे. ॲट्रोपॉसचे पंखही तसेच, त्यामुळे या दोघांत शंका आली तर पोट खालून बघा: ॲट्रोपॉसला आडवे काळे पट्टे, स्टिक्सला बहुधा नाहीत. पतंग काचेवर बसला असेल तर पलीकडून फोटो घ्या, काम झालं!

कवटी पुसट आहे म्हणून 'दुसरीच जात' ठरवू नका. ती खवल्यांची नक्षी आहे. खवले झडले की कवटीही जाते. त्याला चिमटीत धरू नका, ते याचसाठी.

मिशा टोकाकडे जाड दिसल्या म्हणून कुणी त्याला फुलपाखरू म्हणतं. फुलपाखराच्या मिशीला टोकाला गाठ असते, याच्या मिशीचं टोक आकड्यासारखं वळतं. हा स्फिंजिडी कुलातला पतंग आहे.

हा पतंग चीं-चीं आवाज करतो, पण तो पंखांचा नव्हे. आखूड, जाड सोंडेवाटे हवा आतबाहेर करून तो काढतो. मधमाश्यांच्या पोळ्यातल्या मेणाच्या टोप्या भोसकून मध पितो तो याच सोंडेने.

सुरवंटाच्या रंगावरून जात ठरवणं तर सोडूनच द्या. एकाच जातीचे सुरवंट हिरवे, पिवळे, तपकिरी असे निघतात. शेपटीकडच्या शिंगालाही घाबरू नका, ते डंख मारत नाही.