कोबोचं कार्ड बदलायला बसण्याआधी

कोबो हा ई-पुस्तकं वाचायचा रीडर. त्याच्या आतलं मेमरी कार्ड काढून मोठं घालायचं असेल, तर सगळ्यात आधी वार बघा. गुरुवारी हे काम काढू नका. पुण्यात दुरुस्तीसाठी वीज जायची ती गुरुवारीच, आणि अर्धवट लिहिलेलं कार्ड कुठल्याच कामाचं नाही. लॅपटॉप चार्जरला लावा. रीडर मात्र पूर्ण बंद करा, नुसता स्लीपवर टाकून चालत नाही.

तुमच्या रीडरमध्ये कार्ड आहे का, तेही पाहून घ्या. कोबो ग्लो किंवा क्लारा एचडी उघडला की आत मायक्रोएसडी सापडतं. काही मॉडेलांत चिप बोर्डालाच डाग दिलेली असते, तिथे हा खटाटोप नको. झाकण उचकटायला गिटारची पिक बरी. स्क्रू ड्रायव्हरने कडा खराब होतात.

नवं कार्ड पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून, तापकीर गल्लीतून आणणार असाल तर बिल घ्या आणि घरी आल्यावर कार्डाची खरी क्षमता तपासणाऱ्या एफ३ या प्रोग्रामने तपासा. वर ६४ जीबी छापलेलं कार्ड आत ८ जीबीचं निघू शकतं, आणि ते भरत येईपर्यंत पत्ता लागत नाही.

आता खरी मेख. कार्डावर तीन पार्टिशन, म्हणजे कप्पे, दिसतात: सिस्टिमचं, रिकव्हरीचं आणि पुस्तकांचं. तिन्ही उचलली की झालं, असं मलाही वाटलं होतं. रीडर चालूच होईना! पहिल्या पार्टिशनच्या आधी जी जागा रिकामी भासते, तिथेच बूटलोडर व कर्नल (रीडर सुरू करणारे प्रोग्राम) आणि रीडरचा सिरियल नंबर असतो. म्हणून लिनक्सवर डीडी या कमांडने अख्ख्या कार्डाची प्रत घ्या. त्याआधी कार्ड कोणतं आणि लॅपटॉपची डिस्क कोणती हे नीट ओळखा. डीडी ‘नक्की ना?’ असं विचारत नाही. प्रत पेनड्राइव्हवर ठेवणार असाल तर तो फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला नको, कारण त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही. विंडोजमध्ये कार्ड घातलंत आणि ‘फॉरमॅट करू का’ असं विचारलं, तर नाही म्हणा.

पुस्तकांच्या पार्टिशनवरचं लपलेलं ‘.कोबो’ फोल्डर वेगळं कॉपी करा. खुणा, टिपणं, कुठवर वाचलं ते सगळं त्यातल्या डेटाबेसमध्ये असतं. देवनागरी फॉन्ट टाकले असतील तर ‘फॉन्ट्स’ फोल्डरही घ्या. मग प्रत आणि मूळ कार्ड यांचे चेकसम (मजकुरावरून काढलेले पडताळणीचे आकडे) जुळवा. जुळले नाहीत तर प्रत पुन्हा.

ती प्रत नव्या कार्डावर उतरवल्यावर पार्टिशन बदलायच्या जीपार्टेड या प्रोग्राममध्ये फक्त तिसरं पार्टिशन ताणा. त्याची सुरुवात हलवू नका, फॅट३२ आणि लेबल जसंच्या तसं ठेवा.

नव्या कार्डावर रीडर नीट चालू झाला, पुस्तक उघडलं, की जुनं कार्ड डबीत टाका आणि डबीवर रीडरचं नाव लिहा. नाहीतर ते कोणीतरी उचलेल; घरात कोणाला ना कोणाला मोबाइलसाठी कार्ड हवंच असतं.