व्हीसेंटर होस्ट स्वीकारत नाही तेव्हा: नोंदणी आणि लॉगिनच्या अडचणींचा शोध

पुण्यातील एका डेटा सेंटरच्या सपोर्ट विभागात मी अनेक वर्षे व्हीएमवेअरच्या व्हर्च्युअलायझेशनचे, म्हणजे एका सर्व्हरवर अनेक आभासी यंत्रे चालवण्याचे, काम पाहतो. नव्याने रुजू झालेल्या अभियंत्यांना शिकवण्याची जबाबदारीही माझ्याकडे असते. त्यांच्या वाट्याला येणाऱ्या पहिल्या काही टिकिटांमध्ये दोन तक्रारी हमखास असतात. एक म्हणजे ईएसएक्सआय होस्ट (व्हर्च्युअल मशीन चालवणारा सर्व्हर) व्हीसेंटरमध्ये (अशा होस्टांचे एकत्र व्यवस्थापन करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) जोडला जात नाही किंवा जोडल्यावर तुटतो, आणि दुसरी म्हणजे व्हीसेंटरमध्ये लॉगिनच होत नाही. अशा वेळी नवख्या माणसाचा हात आपोआप पासवर्ड बदलण्याकडे, सर्व्हिस रीस्टार्ट करण्याकडे किंवा होस्ट काढून पुन्हा जोडण्याकडे जातो. मी त्यांना एकच प्रश्न विचारायला लावतो: नकार नेमका कोणी दिला? नेटवर्कने, होस्टने, व्हीसेंटरने, की ओळख तपासणाऱ्या सिंगल साइन-ऑन सेवेने? याचे उत्तर हाती येईपर्यंत कोणत्याही सेटिंगला हात लावू नये, असा माझा आग्रह असतो. कारण घाईत केलेला बदल मूळ कारणाच्या खुणा पुसून टाकतो.

यासाठी होस्ट जोडताना आत काय घडते ते आधी समजून घ्यावे लागते. ईएसएक्सआयवर होस्टडी ही मुख्य व्यवस्थापन सेवा चालते आणि व्हीसेंटरच्या वतीने काम करणारा व्हीपीएक्सए हा एजंट चालतो. व्हीसेंटरच्या बाजूला व्हीपीएक्सडी ही सेवा असते. तुम्ही होस्टचे नाव आणि रूट या मुख्य खात्याचा पासवर्ड देता, तेव्हा व्हीसेंटर तो पासवर्ड केवळ पहिल्या प्रवेशासाठी वापरतो. आत गेल्यावर तो होस्टवर व्हीपीएक्सयूजर नावाचे स्वतःचे खाते तयार करतो, आणि पुढचा सगळा व्यवहार त्याच खात्यातून होतो. या खात्याचा पासवर्ड व्हीसेंटर स्वतःच ठरवतो आणि मूळ सेटिंगनुसार दर ३० दिवसांनी बदलतो. म्हणून आधीपासून जोडलेला होस्ट तुटला, की ‘कोणीतरी रूटचा पासवर्ड बदलला असणार’ हा जो पहिला तर्क सर्रास केला जातो, तो बहुतेक वेळा चुकीचा असतो. रूटचा पासवर्ड बदलल्याने जोडलेला होस्ट तुटत नाही. तो पासवर्ड लागतो नव्याने जोडताना, किंवा तुटलेला होस्ट पुन्हा जोडताना व्हीसेंटरने मागितला तर.

पहिली तपासणी नावाची आणि मार्गाची. होस्टचे नाव डीएनएसमध्ये सुलट आणि उलट (नावावरून पत्ता आणि पत्त्यावरून नाव) दोन्ही बाजूंनी नीट सुटते का, हे पाहावे; आणि ही चाचणी आपल्या लॅपटॉपवरून न करता व्हीसेंटर अप्लायन्सच्या (व्हीसेंटर ज्यात चालतो त्या तयार यंत्राच्या) आतून करावी. लॅपटॉपचा डीएनएस सर्व्हर वेगळा असू शकतो, त्यामुळे तिथून मिळालेले बरोबर उत्तर दिशाभूल करते. त्यानंतर पोर्ट. व्हीसेंटरला होस्टच्या टीसीपी ४४३ आणि ९०२ या पोर्टांपर्यंत पोहोचता आले पाहिजे, हे बहुतेकांना ठाऊक असते. मात्र होस्टकडून व्हीसेंटरकडे उलट दिशेने जाणारा यूडीपी ९०२ अनेकांच्या लक्षातून सुटतो. होस्ट आपण जिवंत असल्याची खूण, म्हणजे हार्टबीट, दर १० सेकंदांनी या वाटेने पाठवतो. ६० सेकंद एकही खूण पोहोचली नाही, तर व्हीसेंटर त्या होस्टला ‘प्रतिसाद देत नाही’ असे चिन्ह लावतो. त्यामुळे होस्ट व्यवस्थित जोडला गेला, हिरवा दिसला आणि साधारण मिनिटभराने राखाडी झाला, तर संशय पासवर्डवर न घेता मधल्या फायरवॉलवर घ्यावा. पिंग चालतो आणि टेलनेटने ९०२ उघडा दिसतो म्हणून फायरवॉलला निर्दोष ठरवता येत नाही, कारण टेलनेट केवळ टीसीपी तपासतो, यूडीपी नाही. व्हीसेंटरचा आयपी पत्ता बदलला असेल किंवा मध्ये नॅट (पत्ते बदलून पुढे पाठवणारी यंत्रणा) असेल, तरीही हेच लक्षण दिसते. होस्ट जुन्याच पत्त्यावर हार्टबीट पाठवत राहतो, आणि तो पत्ता व्हीपीएक्सएच्या कॉन्फिगरेशनमध्ये वाचता येतो.

दुसरी तपासणी घड्याळाची आणि सर्टिफिकेटची, म्हणजे यंत्राच्या मुदतबंद डिजिटल ओळखपत्राची. एनटीपी (घड्याळे जुळवणारी सेवा) दोन्ही बाजूंना एकाच स्रोतावर असावा, हे केवळ कागदावरचे चांगले वळण नव्हे. होस्टचे घड्याळ मागे किंवा पुढे असेल, तर सर्टिफिकेट ‘अजून सुरू झालेले नाही’ किंवा ‘संपले आहे’ असे ठरते आणि नोंदणी तिथेच थांबते. अॅक्टिव्ह डिरेक्टरीच्या (विंडोजमधील वापरकर्त्यांच्या यादीच्या) कर्बेरॉस या ओळख तपासण्याच्या पद्धतीतही मूळ सेटिंगनुसार ५ मिनिटांपेक्षा जास्त फरक चालत नाही. एक कमी ओळखीचा प्रसंग येथे मुद्दाम सांगतो, कारण त्यात सगळे काही बरोबर असूनही होस्ट जोडला जात नाही. व्हीसेंटरच्या अंतर्गत सर्टिफिकेट प्राधिकरणात आपल्या संस्थेचे नवे स्वाक्षरी सर्टिफिकेट बसवले आणि लगेच होस्ट जोडायला घेतला, तर ‘स्टार्ट टाइम एरर’ आणि ७००३४ हा क्रमांक येतो. व्हीसेंटर होस्टसाठी नवे सर्टिफिकेट काढताना त्याची सुरुवातीची वेळ १४४० मिनिटे, म्हणजे २४ तास, मागे टाकतो, जेणेकरून घड्याळातील किरकोळ फरकाने अडचण येऊ नये. पण मूळ सर्टिफिकेटच २४ तासांपेक्षा कमी जुने असेल, तर त्याच्या जन्माआधीची तारीख असलेले सर्टिफिकेट त्याला देता येत नाही. उपाय दोनच: एक दिवस थांबणे, किंवा व्हीसेंटरच्या प्रगत सेटिंगमधील ही मिनिटे तात्पुरती कमी करणे. घाई नसेल तर मी थांबणेच पसंत करतो.

होस्ट जोडताना पडद्यावर थंबप्रिंट (सर्टिफिकेटची छोटी ओळखखूण) दाखवून संमती विचारली जाते, तेव्हा नवीन मंडळी न वाचता ‘हो’ म्हणतात. होस्टच्या कन्सोलवर (थेट सर्व्हरसमोरच्या पडद्यावर) सपोर्टविषयक माहितीच्या पानात तोच थंबप्रिंट दिसतो. पहिल्यांदा जोडताना दोन्ही ताडून पाहण्याची सवय लावून घ्या. एकाच आयपीवर दोन यंत्रे उभी असल्याचा दोष अशा ताडणीतूनच उघडकीला येतो.

आता पासवर्डकडे येऊ. ‘वापरकर्त्याचे नाव किंवा पासवर्ड चुकीचा’ हा संदेश शब्दशः घेऊ नये, हे सर्वांत महत्त्वाचे, कारण खाते कुलूपबंद झाले असेल तरी हाच संदेश येतो. आमच्याकडे आलेले एक टिकिट याचे स्पष्ट उदाहरण आहे. एका ग्राहकाने सुरक्षाधोरणानुसार होस्टचा रूट पासवर्ड बदलला होता आणि काही दिवसांनी त्यांना तो होस्ट नव्या व्हीसेंटरमध्ये न्यायचा होता. पासवर्ड बरोबर असल्याची त्यांना खात्री होती, कारण सर्व्हरसमोर बसून कन्सोलच्या पिवळ्या-करड्या पडद्यावर तोच पासवर्ड चालत होता. व्हीसेंटरमधून मात्र प्रत्येक वेळी नकार येत होता. ज्याला हे ठाऊक नाही, तो इथे होस्टडी बिघडली असे समजून रीस्टार्टकडे वळतो. खरे कारण असे की, ईएसएक्सआयचे खाते-कुलूप एसएसएच (नेटवर्कवरून आज्ञा देण्याची वाट) आणि वेब सेवांमधून येणाऱ्या दूरस्थ प्रवेशालाच लागू होते, थेट कन्सोलला होत नाही. मूळ सेटिंगनुसार पाच चुकीच्या प्रयत्नांनंतर खाते १५ मिनिटांसाठी बंद होते. होस्टच्या घटनांच्या यादीत ‘रूट या स्थानिक खात्याचा दूरस्थ प्रवेश ९०० सेकंदांसाठी बंद’ अशा आशयाची नोंद ओळीने दिसत होती, आणि होस्टडीच्या लॉगमध्ये रूटचा पासवर्ड नाकारल्याची ओळ ठरावीक अंतराने येत होती. त्या ओळीच्या शेवटी आयपी पत्ता असतो. तो पत्ता एका मॉनिटरिंग सर्व्हरचा निघाला, ज्यात जुना पासवर्ड तसाच साठवलेला होता. तो बिचारा दर काही मिनिटांनी दार ठोठावत होता आणि कुलूप पुन्हा पुन्हा लागत होते. मॉनिटरिंगमधला पासवर्ड बदलला, कुलपाची मुदत संपू दिली आणि होस्ट पहिल्याच प्रयत्नात जोडला गेला. पासवर्ड बदलण्याआधी तो कुठे कुठे साठवला आहे याची यादी हाताशी असावी, यात बॅकअपचे सॉफ्टवेअर, मॉनिटरिंग आणि हार्डवेअर विक्रेत्याची व्यवस्थापन साधने ही तीन ठिकाणे आवर्जून पाहावीत.

पासवर्ड बरोबर, खाते मोकळे आणि तरीही नकार, अशी स्थिती असेल तर होस्ट लॉकडाउन मोडमध्ये आहे का ते पाहा. या मोडमध्ये होस्ट केवळ ज्या व्हीसेंटरच्या ताब्यात आहे त्याचेच ऐकतो. सामान्य लॉकडाउनमध्ये रूटला कन्सोलवरून तो मोड बंद करता येतो. कडक लॉकडाउनमध्ये कन्सोलची सेवाच बंद असते. अशा वेळी जुना व्हीसेंटर नष्ट झाला असेल, एसएसएच व शेल बंद असतील आणि अपवाद म्हणून कोणतेही खाते ठरवलेले नसेल, तर होस्ट नव्याने इन्स्टॉल करण्यावाचून मार्ग उरत नाही. म्हणून कडक लॉकडाउन लावण्याचा आदेश आला, तर अपवाद खाते ठरवले आहे का, हे लेखी विचारायला नव्या अभियंत्यानेही कचरू नये. याशिवाय आवृत्ती आणि परवाना या दोन साध्या गोष्टी राहतात. व्हीसेंटर ७ मध्ये ईएसएक्सआय ८ जोडता येत नाही. व्हीसेंटरची आवृत्ती होस्टच्या बरोबरीची किंवा वरची हवी. मोफत परवान्यावर चालणारा होस्टही व्हीसेंटरच्या व्यवस्थापनाखाली येत नाही. आवृत्ती ७ व ८ मध्ये मूल्यमापनाची मुदत ६० दिवसांची असते आणि ती संपली की होस्ट व्हीसेंटरपासून तुटतो, हेही ध्यानात ठेवा.

दुसऱ्या तक्रारीत, म्हणजे खुद्द व्हीसेंटरमधील लॉगिनमध्ये, नकाराचे स्वरूपच अर्धे उत्तर देते. पानच उघडत नाही आणि ५०३ हा क्रमांक येतो, तेव्हा मागची सेवा उभी नाही असे समजावे. ५४८० पोर्टवरील अप्लायन्सच्या व्यवस्थापन पानात सेवांची स्थिती आणि डिस्कची जागा पाहावी, कारण लॉगसाठी राखलेला डिस्कचा भाग पूर्ण भरणे हे याचे फार नेहमीचे कारण आहे. पान उघडते, पण डोमेनचे वापरकर्ते आत येऊ शकत नाहीत आणि व्हीस्फिअर डॉट लोकल या व्हीसेंटरच्या स्वतःच्या डोमेनचा अॅडमिनिस्ट्रेटर मात्र येतो, तेव्हा सिंगल साइन-ऑन ठीक असून डिरेक्टरीशी असलेला दुवा तुटलेला असतो. एलडीएपीएस (डिरेक्टरीशी सर्टिफिकेटच्या आधारे होणारी सुरक्षित जोडणी) वापरत असाल तर डोमेन कंट्रोलरचे सर्टिफिकेट नुकतेच नूतनीकरण झाले आहे का, हे विंडोज विभागाला विचारा. ओळख पटली पण कोणत्याही व्हीसेंटरवर परवानगी नाही असा संदेश आला, तर पासवर्डचा प्रश्न संपला, आता केवळ भूमिका आणि अधिकार द्यायचे राहिले आहेत. एकाच वापरकर्त्याची तक्रार असेल, तर व्हीस्फिअर डॉट लोकलमधील सामान्य खात्यांना मूळ सेटिंगनुसार १८० सेकंदांत पाच चुका झाल्यावर ३०० सेकंदांचे कुलूप लागते आणि त्यांचा पासवर्ड ९० दिवसांनी संपतो, हे आठवावे. अप्लायन्सच्या रूट खात्याचा पासवर्डही ९० दिवसांनी संपतो. ते खाते आणि होस्टचे रूट खाते यांची गल्लत होऊ देऊ नका.

आणि सगळ्यांनाच एकाच सकाळी नकार आला, अॅडमिनिस्ट्रेटरलाही, आणि पडद्यावर स्वाक्षरीचे सर्टिफिकेट वैध नसल्याचा उल्लेख असला, तर एसटीएसचे, म्हणजे लॉगिनचे टोकन देणाऱ्या सेवेचे, सर्टिफिकेट संपले आहे. लॉगिन झाल्यावर मिळणाऱ्या टोकनवर याच सर्टिफिकेटने सही होते. व्हीसेंटर ६.५ अपडेट २ आणि त्यानंतरच्या अनेक नव्या इन्स्टॉलेशनमध्ये त्याची मुदत दोनच वर्षांची होती, आणि जुन्या आवृत्त्यांमध्ये ते संपण्याआधी कोणताही इशारा मिळत नसे. त्यामुळे कोणी काहीही न बदलता एके दिवशी सगळे दरवाजे बंद झाले, असे अनेक ठिकाणी घडले. मुदत तपासण्यासाठी आणि सर्टिफिकेट बदलण्यासाठी विक्रेत्याच्या अधिकृत स्क्रिप्ट उपलब्ध आहेत. त्या चालवण्यापूर्वी स्नॅपशॉट (त्या क्षणाच्या स्थितीची नोंद) घ्यावा, आणि एकापेक्षा जास्त व्हीसेंटर परस्परांशी जोडलेले असतील तर सर्व एकाच वेळी बंद करून सर्वांचा स्नॅपशॉट घ्यावा. एकट्याचा स्नॅपशॉट परत लावल्यास त्यांच्यातील समान डिरेक्टरी विसंगत होते, आणि ती दुरुस्ती मूळ दोषापेक्षा कितीतरी अवघड असते.

या गोंधळात एक गोष्ट ग्राहकाला सर्वांत आधी सांगावी: व्हीसेंटर बंद असला तरी व्हर्च्युअल मशीन चालू राहतात, आधीपासून सुरू असलेली एचए यंत्रणाही (होस्ट बंद पडल्यास त्यावरील मशीन दुसऱ्या होस्टवर सुरू करणारी) होस्टच्या पातळीवर काम करत राहते, आणि गरज पडल्यास ब्राउझरमधून थेट होस्टवर जाऊन एखादे मशीन सुरू किंवा बंद करता येते. हे ऐकल्यावर फोनवरचा आवाज खाली येतो आणि तुम्हाला लॉग वाचण्यापुरता वेळ मिळतो.

तुटलेला होस्ट ‘रिमूव्ह’ करून पुन्हा जोडण्याचा मोह होतो, त्याविषयी सावध राहा. ‘डिस्कनेक्ट’ केल्यास होस्ट आणि त्यावरील मशीनच्या नोंदी व्हीसेंटरमध्ये राहतात. ‘रिमूव्ह’ केल्यास त्या मशीनचे फोल्डर, त्यांवर दिलेल्या परवानग्या आणि कामगिरीचा इतिहास निघून जातो, आणि बॅकअप सॉफ्टवेअरला तीच मशीन नवी वाटू लागतात. आधी होस्टवरील व्हीपीएक्सए आणि होस्टडी या दोनच सेवा रीस्टार्ट करून पाहा. चालू मशीनला त्याने धक्का लागत नाही. मात्र सर्व व्यवस्थापन सेवा एकदम रीस्टार्ट करणारी आज्ञा वापरण्याआधी, होस्टवर नेटवर्क पोर्ट एलएसीपीने (अनेक पोर्ट एकत्र जोडण्याच्या पद्धतीने) बांधलेले आहेत का, याची खात्री वरिष्ठांकडून करून घ्या, कारण तसे असल्यास नेटवर्क तुटू शकते.

या सगळ्याचा सराव ग्राहकाच्या यंत्रणेवर करता येत नाही, त्यामुळे स्वतःची छोटी लॅब उभारणे मी प्रत्येकाला सुचवतो. वर्कस्टेशन प्रो हे सॉफ्टवेअर मे २०२४ पासून वैयक्तिक वापरासाठी आणि नोव्हेंबर २०२४ पासून सर्वच वापरासाठी मोफत आहे, आणि त्यात ईएसएक्सआय व्हर्च्युअल मशीन म्हणून चालतो. व्हीसेंटर ८ च्या सर्वांत लहान मांडणीलाच १४ जीबी रॅम लागते, तेव्हा ३२ जीबीचे यंत्र हवे. तेवढे नसेल तर दोघा-तिघांनी मिळून एक उभारावे. त्यात एका मित्राने डीएनएसची उलटी नोंद काढावी, घड्याळ तासभर पुढे न्यावे, यूडीपी ९०२ अडवावा किंवा लॉकडाउन लावावा, आणि दुसऱ्याने काय बदलले हे न विचारता केवळ संदेश आणि लॉग वाचून नकार कुठून आला ते कागदावर लिहावे. दुरुस्ती त्यानंतर करावी.