फोल्डरच्या परवानग्यांना हात लावण्यापूर्वीची तयारी

विंडोज नव्याने बसवून झाले की ‘डी’ ड्राइव्हमधला जुन्या फोटोंचा फोल्डर उघडायला जावे आणि या फोल्डरमध्ये जाण्याची तुम्हाला परवानगी नाही असा संदेश समोर यावा, हा प्रसंग घरोघरी येतो. फोटो आपले, संगणक आपला, खात्याला नावही पूर्वीचेच दिलेले. तरीही दार बंद. अशा वेळी मिळेल तो उपाय करून पाहण्याआधी अर्धा तास तयारीसाठी काढावा, कारण बिघडलेल्या परवानग्यांपेक्षा घाईत दुरुस्त केलेल्या परवानग्या निस्तरणे अधिक किचकट असते.

सर्वप्रथम पडद्यावरचा संदेश जसाच्या तसा टिपून ठेवावा किंवा मोबाइलवर त्याचा फोटो काढावा, आणि नेमके काय अडते ते पाहावे: फोल्डर उघडतच नाही, की उघडतो पण त्यात नवे काही साठवता येत नाही, की एकाच प्रोग्रॅमला साठवता येत नाही. यातली तिसरी अडचण बहुधा परवानगीची नसते. विंडोज १० मध्ये २०१७ साली ‘कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस’ ही सोय आली. ती सुरू असेल तर अनोळखी प्रोग्रॅमला ‘डॉक्युमेंट्स’ आणि ‘पिक्चर्स’मध्ये लिहू दिले जात नाही, म्हणून नोटपॅडमधून तिथे फाइल साठवता येते आणि आपल्या प्रोग्रॅममधून मात्र येत नाही असे दिसले, तर ‘विंडोज सिक्युरिटी’मधील ‘प्रोटेक्शन हिस्टरी’ म्हणजे अडवलेल्या गोष्टींची नोंद आधी पाहावी.

त्याच बैठकीत ड्राइव्हवर राइट-क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’मध्ये फाइल सिस्टिम, म्हणजे ड्राइव्हवर फाइल्स मांडून ठेवण्याची पद्धत, कोणती आहे ते पाहून घ्यावे. ती एनटीएफएस (NTFS) असेल तरच खात्यानुसार परवानग्यांचा प्रश्न उद्भवतो. पेनड्राइव्ह आणि मेमरी कार्डे बहुधा एफएटी३२ (FAT32) किंवा एक्सएफएटी (exFAT) पद्धतीची असतात, त्यांच्यावर अशा परवानग्या नोंदवल्याच जात नाहीत. तिथे कार्डाच्या कडेची लॉकची पट्टी तपासलेली बरी.

आपण कोणत्या खात्यातून काम करत आहोत, ते ॲडमिनिस्ट्रेटर (संगणकात बदल करण्याचे अधिकार असलेले) आहे की स्टँडर्ड (मर्यादित अधिकारांचे), आणि घरातल्या आणखी कोणत्या खात्याला ॲडमिनिस्ट्रेटरचे अधिकार आहेत, याची नोंद पासवर्ड हाताशी असल्याची खात्री करूनच करावी. रोजच्या वापरात नसलेले एक जादा ॲडमिनिस्ट्रेटर खाते आधीच तयार असले तर उत्तम. विंडोजमध्ये मुळातच लपवून बंद ठेवलेले ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ नावाचे खाते सुरू करण्याचा सल्ला वारंवार दिला जातो. घरगुती कामासाठी त्याची गरज क्वचितच पडते आणि सुरू केलेले ते खाते पासवर्डाविना तसेच राहून जाते. ॲडमिनिस्ट्रेटर खात्यातूनही ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्ये फाइल साठत नाही याने गोंधळून जाऊ नये. २००७ मध्ये आलेल्या विंडोज व्हिस्टापासून असे खातेही एरवी कमी अधिकारांनिशीच चालते आणि ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ म्हटल्यावरच पूर्ण अधिकार वापरते. पुष्कळ तक्रारी एवढ्यावरच मिटतात.

आता मूळ दुखण्याकडे. विंडोजच्या लेखी खात्याचे नाव ही केवळ पाटी असते. फोल्डरच्या दप्तरी नोंद असते ती खात्याच्या क्रमांकाची. हा क्रमांक ‘एस-१-५-२१’ने सुरू होणारा लांबलचक आकडा असतो आणि विंडोज नव्याने बसवून तेच नाव, तोच पासवर्ड दिला तरी स्थानिक खात्याला तो नवाच मिळतो. म्हणून अडलेल्या फोल्डरच्या ‘प्रॉपर्टीज’मधील ‘सिक्युरिटी’ हे पान उघडून तिथली नावे लिहून घ्यावीत. ‘अकाउंट अननोन’ आणि पुढे तो आकडा दिसला, तर फोल्डर जुन्या, आता अस्तित्वात नसलेल्या खात्याची वाट पाहत आहे असे समजावे. रोगनिदान इथेच झाले.

याच पानावर ‘डिनाय’च्या, म्हणजे नकाराच्या, रकान्यात कुठे खूण आहे का तेही पाहावे. मुलांनी हिशेबाचा फोल्डर उघडू नये म्हणून पालकांनी ‘यूझर्स’ या गटाला ‘डिनाय’ लावलेले असते आणि त्या गटात संगणकावर लॉगिन करणारा प्रत्येक जण, म्हणजे पालक स्वतःही, मोडतो. नकार आणि होकार एकाच फोल्डरवर थेट लावलेले असतील तर नकाराचे वजन जास्त. इथे नवी परवानगी देत बसण्यापेक्षा ती खूण काढणे हाच उपाय असतो.

फाइलच्या चिन्हावर कुलूप दिसत असेल तर मात्र थांबावे. ती फाइल कूटबद्ध, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशी, केलेली असते आणि ही किल्ली असलेले जुन्या खात्याचे प्रमाणपत्र जपून ठेवलेले नसेल तर मालकी बदलूनही ती उघडत नाही. संपूर्ण ड्राइव्हच बिटलॉकर या विंडोजच्या कूटबद्ध करणाऱ्या सोयीने संरक्षित असेल, तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून घेतल्याशिवाय पुढचे पाऊल टाकू नये.

कोणत्या फोल्डरांना हात लावायचा नाही, हेही आधीच ठरवावे. ‘विंडोज’ आणि ‘प्रोग्रॅम फाइल्स’ यांची मालकी मुद्दाम ‘ट्रस्टेडइन्स्टॉलर’ या विंडोजच्या स्वतःच्या अंतर्गत खात्याकडे दिलेली असते, ती तशीच राहू द्यावी. लपवलेल्या आणि संरक्षित सिस्टिम फाइल्स दाखवण्याची सोय सुरू केल्यावर ‘सी’ ड्राइव्हमध्ये ‘डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज’ हा बाणाचे चिन्ह असलेला फोल्डर दिसतो आणि तो उघडत नाही, म्हणून कित्येक जण त्यालाही दुरुस्त करायला घेतात. वास्तविक ती विंडोज एक्सपीच्या काळातल्या प्रोग्रॅमना ‘यूझर्स’कडे वळवणारी पाटी आहे आणि ती बंद असणेच अपेक्षित आहे.

वाचता येत असलेल्या फाइल्सची प्रत बाहेरच्या हार्डडिस्कवर काढून ठेवावी. सध्याच्या परवानग्यांची नोंद कमांड प्रॉम्प्टमधील (आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीतील) ‘आयकॅकल्स’ (icacls) या आज्ञेच्या ‘सेव्ह’ पर्यायाने एका फाइलमध्ये जतन करता येते. तिच्यात मालकाचे नाव येत नाही, म्हणून ते वेगळे टिपावे. फाइल्स हलवताना एक बारकावा ध्यानात ठेवावा: कॉपी केलेली फाइल नव्या फोल्डरच्या परवानग्या घेते, तर त्याच ड्राइव्हवर कट-पेस्ट केलेली फाइल जुन्या परवानग्या सोबत नेऊ शकते, आणि मग सर्वांसाठी ठेवलेल्या फोल्डरातली एखादीच फाइल इतरांना का उघडत नाही याचे कोडे पडते.

इतके झाल्यावर आधी परवानगी नाही म्हणणाऱ्या त्या संदेशातले ‘कंटिन्यू’ हे बटण आठवावे. ते दाबल्याने आपल्या खात्याला त्या फोल्डरची कायमची परवानगी मिळते. आपल्याच जुन्या फोल्डरसाठी ते योग्य आहे, पण भावाच्या किंवा मुलीच्या खासगी फोल्डरवर ते दाबण्यापूर्वी त्यांना विचारावे. त्याने भागले नाही तर ‘सिक्युरिटी’ पानावरील ‘ॲडव्हान्स्ड’मधून आधी मालकी आणि मग परवानगी या क्रमाने जावे, कारण मालकी मिळाली म्हणजे वाचता येतेच असे नाही; परवानग्या बदलण्याचा हक्क तेवढा मिळतो. लॅपटॉप चार्जरला जोडलेला असावा. हजारो फोटोंवर हा बदल लागू व्हायला वेळ लागतो आणि मध्येच खंड पडला तर अर्धे इकडे, अर्धे तिकडे अशी अवस्था होते. म्हणून पहिला प्रयोग दोन-चार फाइल्स असलेल्या एखाद्या उपफोल्डरवर करावा. ‘एव्हरीवन’ला ‘फुल कंट्रोल’, म्हणजे सर्वांना सर्व अधिकार, देण्याचा मोह टाळावा, कारण त्यानंतर लहान मुलाच्या खात्यातूनही तो फोल्डर पुसला जाऊ शकतो. आपल्या खात्यातून फोटो उघडले की लॉग आउट करून मुलाच्या खात्यात जावे आणि त्याला जे उघडू नये ते अजूनही बंदच आहे ना, ते पाहावे.