हातच्याची वजाबाकी : महिनाभर काय घ्यायचं आणि मुलं नेमकी कुठे अडतात

दुसरी-तिसरीच्या गणितात एक महिना हातच्याच्या वजाबाकीचा असतो. वर्गावर नव्यानं आलेल्या शिक्षकाला हा धडा सोपा वाटतो, कारण रीत दोन ओळींत सांगून होते. मुलांची गाडी मात्र रीतीपाशी अडत नाही. 52 म्हणजे 5 दशक 2 एकक आणि तेच 4 दशक 12 एककही, हे जिथे पटलेलं नसतं तिथे ती अडते. त्यामुळे अर्धा महिना फळ्यावर उभी मांडणी न लिहिता गेला तरी बिघडत नाही.

सुरुवातीलाच 13 − 7, 15 − 8, 11 − 4 अशी दहा गणितं तोंडी विचारून पाहा. जे मूल यातलं प्रत्येक उत्तर बोटांवर मोजून काढतं, ते पुढे उभ्या मांडणीत मोजता मोजता आपण कुठे होतो तेच विसरतं. यासाठी वेगळा आठवडा नको. रोज तासाच्या सुरुवातीला पाच मिनिटं, महिनाभर.

साहित्य साधं. दोन मुलांत दहा-दहा काड्यांच्या नऊ जुड्या, प्रत्येकीला रबर बँड, आणि नऊ सुट्या काड्या. एवढ्या 99 काड्यांतून 99 पर्यंतची कोणतीही संख्या मांडता येते. प्लॅस्टिकचे तयार दशक-दांडे दिसायला छान असतात, पण ते सुटत नाहीत, बदलून घ्यावे लागतात. सुरुवातीला मुलाच्या हातून रबर निघून दहा काड्या मोकळ्या झालेल्या दिसायला हव्यात, म्हणून जुड्याच बऱ्या.

पहिल्या आठवड्यात वजाबाकी नाहीच. 64 मांडा, एक जुडी सोडा, वहीत लिहा: 6 दशक 4 एकक, 5 दशक 14 एकक. मग विचारा, ‘संख्या कमी झाली का?’ बरीच मुलं ‘हो’ म्हणतात, कारण सहाचे पाच झाले. सगळ्या काड्या पुन्हा मोजायला लावा. हा प्रश्न तीन-चार दिवस वेगवेगळ्या संख्यांवर विचारावा लागतो, आणि तो टाळला की तिसऱ्या आठवड्यात त्याची किंमत मोजावी लागते. संख्या तोंडी सांगताना एकोणचाळीस, एकोणसाठ यांवर लक्ष असू द्या. ऐकून 49, 69 लिहिणारी मुलं हमखास निघतात आणि त्यांची चूक वजाबाकीची समजली जाते.

दुसऱ्या आठवड्यात 52 − 27 काड्यांनी. बाकावर फक्त 52 मांडायचे. मुलं 27 सुद्धा वेगळे मांडून ठेवतात आणि मग कशातून काय काढायचं ते कळेनासं होतं. आधी सात सुट्या काढायला सांगा. दोनच आहेत हे मुलानं स्वतः म्हणावं, मग जुडी सोडावी. बारातून सात काढल्या, दोन जुड्या काढल्या, उरल्या दोन जुड्या आणि पाच सुट्या: 25.

लेखी मांडणी तिसऱ्या आठवड्यात, चौकटींच्या वहीत, एका चौकटीत एकच अंक. जोडीतल्या एकानं काड्या हलवायच्या, दुसऱ्यानं तेवढंच लिहायचं: जुडी सुटली की 5 खोडून वर 4, आणि 2 च्या जागी 12. दिवसाला सहा-आठ गणितं पुरेत.

चुका तपासताना गणिताची निवड फार महत्त्वाची. 52 − 27 चं उत्तर 35 आलं तर मुलानं लहान अंक मोठ्यातून वजा केला असेल (7 − 2), किंवा हातचा घेऊन दशक कमी करायचं राहिलं असेल (12 − 7). दोन्हीकडे 5 च येतात, म्हणजे उत्तरावरून काहीच कळत नाही. एककांतला फरक 5 असला की हे असं होतं. त्याऐवजी 52 − 28 द्या: पहिल्या चुकीचं उत्तर 36, दुसरीचं 34, बरोबर 24. पहिल्या मुलाला पुन्हा काड्यांकडे न्यायचं. दुसऱ्याला फक्त खोडायची सवय हवी. चाचणीसाठी 40 − 16 तर उत्तमच. 36 म्हणजे अंकांची उलटापालट, 34 म्हणजे दशक तसंच राहिलं, 30 म्हणजे ‘शून्यातून काही जात नाही, म्हणून शून्य’.

रीत जमली की आठवडाभरात उलटी तक्रार येते: मुलं सगळीकडे हातचा घेतात. 58 − 23 चं उत्तर 215 दिसलं तर घाबरू नका. मिश्र गणितांचा एक कागद द्या आणि न सोडवता फक्त ‘हातचा लागेल’ किंवा ‘नाही’ एवढंच लिहून घ्या.

काही घरी वेगळी रीत शिकवतात: वरच्या एककात दहा, खालच्या दशकात एक मिळवायचा. तीही बरोबर आहे, पण दोन्ही एकत्र आल्या की मूल वरचं दशक कमीही करतं आणि खालचं वाढवतंही. 52 − 27 चे 15 होतात. लेखी मांडणी सुरू कराल त्याच दिवशी सोडवलेलं एक उदाहरण वहीत घरी पाठवा.

चौथा आठवडा शून्याचा आणि शाब्दिक उदाहरणांचा. 302 − 148 मध्ये शतक सुटलं की दहा दशक होतात, त्यांतलं एक एककांकडे जातं, उरतात नऊ. ही मधली पायरी गाळून दशकाच्या घरात 10 ठेवले की उत्तर 164 येतं. बरोबर उत्तर 154. पहिले दोन दिवस 2, 10, 2 आणि मग 2, 9, 12 अशा दोन्ही ओळी लिहून घ्या. शाब्दिक उदाहरणांत ‘किती उरले’ सहज जमतं. ‘एकीकडे 63 तिकिटं, दुसरीकडे 38, तर किती जास्त?’ इथे ‘जास्त’ ऐकून मुलं बेरीज करतात. दोन्ही संख्यांच्या पट्ट्या एकाखाली एक काढून घ्या आणि जादा भाग रंगवायला सांगा, आकडेमोड त्यानंतर.