लहान कारखान्यातील हरित बदल : अडथळे कसे ओलांडावेत

भोसरी किंवा चाकण परिसरात वाहनांच्या सुट्या भागांना जस्ताचा मुलामा देणाऱ्या लघुउद्योजकाला पर्यावरणपूरक पद्धती स्वीकारताना पहिली अडचण भांडवलाची वाटते. प्रत्यक्षात ग्राहक कंपनीची मंजुरी मिळवणे अधिक वेळखाऊ ठरते. मुलाम्यावरच्या गंजरोधक थरासाठी वापरले जाणारे विषारी षटसंयुजी क्रोमियम सोडून त्याच धातूच्या कमी घातक रूपाकडे, म्हणजे त्रिसंयुजी क्रोमियमकडे वळायचे असेल, तर रसायन खरेदी करण्याआधी ग्राहकाच्या गुणवत्ता विभागाला लेखी कळवावे, नमुन्यांची सॉल्ट स्प्रे चाचणी (मिठाच्या पाण्याच्या फवाऱ्यात भाग किती काळ गंजाला टिकतो हे पाहणारी) करून अहवाल द्यावा आणि मंजुरी हाती येईपर्यंत जुनी टाकी मोडू नये. युरोपीय महासंघाने वाहनांच्या गंजरोधक लेपांतील षटसंयुजी क्रोमियम 2007 पासून बंद केले आहे, हा मुद्दा निर्यातदार ग्राहकापुढे आवर्जून मांडावा.

पैशांचा प्रश्न पाण्यापासून सोडवायला घ्यावा. सौर पॅनेलचा विचार त्यानंतरचा, असे माझे ठाम मत आहे. भाग टाकीतून वर काढल्यावर तिथेच काही सेकंद निथळू द्यावेत, म्हणजे महागडे द्रावण वाया जात नाही. धुण्याच्या टाक्या अशा जोडाव्यात की ताजे पाणी शेवटच्या टाकीत येईल आणि तिथून उलट दिशेने पहिल्या टाकीत जाईल. त्यामुळे पाणी वाचते आणि सांडपाणी प्रक्रियेवरचा भारही घटतो. पाणी, वीज व रसायनांच्या मासिक नोंदी ठेवाव्यात, कारण कर्ज मागताना बचतीचा दावा आकड्यांनीच सिद्ध करावा लागतो.

गाळा भाड्याचा असल्यास कायमस्वरूपी यंत्रणा बसवण्यापूर्वी मालकाची लेखी संमती घ्यावी. प्रक्रियेतील बदल कारखाना चालवण्यासाठी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने दिलेल्या संमतिपत्रात बसतो का, हेही आधीच तपासावे.