अंतराळवीराचे रक्त आणि धमनीचे कडे: मोजण्याआधी नमुना कसा सांभाळावा

जैववैद्यकीय मोजमापातल्या पुष्कळशा चुका नमुना शरीरातून काढल्यापासून यंत्रावर चढवेपर्यंतच्या काळात होतात. म्हणून त्या काळातले तापमान, द्रावण आणि गेलेला वेळ यांची नोंद आकड्याइतकीच काटेकोरपणे ठेवावी. याची दोन उदाहरणे येथे पाहू: अंतराळवीराचे रक्त आणि धमनीचे कडे, म्हणजे धमनीचा बांगडीसारखा कापलेला तुकडा.

अंतराळवीरांची प्रतिकारशक्ती मोजताना पहिली अडचण परतीच्या प्रवासाची असते. पृथ्वीवर उतरण्याच्या ताणानेच रक्तातील पांढऱ्या पेशींचे प्रमाण बदलते. त्यामुळे उड्डाणापूर्वी, उड्डाणादरम्यान आणि परतल्यानंतर असे तिन्ही वेळा नमुने घ्यावेत आणि प्रत्येक अंतराळवीराची तुलना त्याच्या स्वतःच्या उड्डाणपूर्व पातळीशी करावी. लाळेतील कॉर्टिसॉल हे ताणाशी निगडित संप्रेरक जाग आल्यानंतर थोड्याच वेळात सर्वाधिक, तर मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी असते, म्हणून घड्याळाच्या वेळेबरोबर जागे होऊन किती वेळ झाला हेही लिहावे. त्याच लाळेत पीसीआरने (डीएनएच्या असंख्य प्रती बनवून तो ओळखण्याच्या पद्धतीने) एपस्टाइन-बार किंवा व्हॅरिसेला-झोस्टर विषाणूचा डीएनए शोधता येतो. शरीरात सुप्त असलेले हे विषाणू पुन्हा सक्रिय झाले, तर टी-पेशींचा (विषाणूंना आवरणाऱ्या पांढऱ्या पेशींचा) वचक सैल झाल्याचा तो उपयुक्त संकेत ठरतो. मात्र डीएनए सापडला म्हणजे व्यक्ती आजारी आहे, असा निष्कर्ष काढू नये.

रक्तपेशींचे प्रकार मोजण्यासाठी फ्लो सायटोमेट्री वापरतात, म्हणजे रंगवलेल्या पेशी एकेक करून लेसरसमोरून नेतात. रक्त घेण्याच्या नळीत गोठणे रोखणारे कोणते द्रव्य आहे, ही निवड येथे फार महत्त्वाची आहे. केवळ पेशी मोजायच्या असतील तर ईडीटीए चालते, पण टी-पेशी उत्तेजित करून त्यांचे कार्य पाहायचे असेल तर हेपरिनच घ्यावे, कारण ईडीटीए कॅल्शियम बांधून ठेवते आणि त्याच्याशिवाय त्या पेशी सक्रिय होत नाहीत. मृत पेशींना प्रतिपिंडे (पेशींचा प्रकार ओळखण्यासाठी लावलेली प्रथिने) उगाचच चिकटतात, म्हणून जिवंत-मृत ओळखणारा रंग प्रत्येक वेळी घालावा. अंतराळ स्थानकावरून येणाऱ्या रक्ताला जितका वेळ लागतो, तितकाच वेळ त्याच तापमानात जमिनीवरचे तुलनात्मक नमुनेही ठेवावेत.

धमनीच्या ऊतीचे मोजमाप अधिक नाजूक, आणि माझ्या मते अधिक शिकवणारे आहे. शरीरात धमनी लांबीच्या दिशेने ताणलेली असते आणि कापून काढताच आखडते. म्हणून काढण्यापूर्वीच तिच्यावर दोन खुणा करून त्यांतील अंतर मोजावे. नंतर कापलेले एक अरुंद कडे उभे छेदले, तर ते आपोआप उघडते. हा उघडण्याचा कोन भिंतीत दडलेल्या अवशिष्ट प्रतिबलाची, म्हणजे बाहेरचा भार नसतानाही उरलेल्या, दर क्षेत्रफळामागच्या आतल्या बलाची साक्ष देतो, तेव्हा त्याचे छायाचित्र जरूर घ्यावे. ताणचाचणीसाठी दुसरे, न छेदलेले कडे ३७ अंश सेल्सिअसच्या क्षारद्रावणात ठेवावे. स्नायूंचे आकुंचन नको असेल, तर द्रावण कॅल्शियमरहित घ्यावे. जाडी कॅलिपरने दाबून मोजू नये, सूक्ष्मदर्शकातून मोजावी. मग कडे दोन हुकांत अडकवून तेच ताणणे पुनःपुन्हा करावे. सुरुवातीच्या फेऱ्यांत ताण आणि बल यांचा आलेख सरकत राहतो, आणि तो स्थिरावल्यावरचीच फेरी मोजमापासाठी धरावी. प्रतिबल काढताना बलाला कड्याच्या दोन्ही बाजूंच्या एकत्रित क्षेत्रफळाने, म्हणजे रुंदी व जाडीच्या गुणाकाराच्या दुपटीने, भागावे.

आलेख सरळ रेषेचा येत नाही. कमी ताणात भिंतीतले लवचिक प्रथिन इलॅस्टिन भार पेलते आणि पुढे वळसे उलगडून ताठ झालेले कोलॅजन हे चिवट प्रथिन तो उचलते, त्यामुळे चढ एकाएकी तीव्र होतो. म्हणून कडकपणाचा आकडा देताना तो आलेखाच्या कोणत्या भागात, किती प्रतिबलाला काढला, हे त्याच ओळीत लिहावे.