लहान मुलांच्या स्टडीत ठरावीक घरंच का येतात आणि बाकीच्यांना कसं आणायचं

दरवर्षी कोणीतरी एमपीएचचा (सार्वजनिक आरोग्याचा) नाहीतर डॉक्टरकीच्या पीजीचा विद्यार्थी भेटतो, थीसिसच्या स्टडीत तपासायला लहान मुलं हवी असतात, आणि चार महिन्यांनी तोच रडवेला होऊन येतो की ताई, सॅम्पल साइझ तर भरला पण सगळी मुलं कोथरूड-कर्वेनगरच्या सुखवस्तू घरांचीच निघाली. मी पुण्यात दहा-अकरा वर्षं फील्डवर आहे, घरोघर फिरून स्टडीत मुलांची नावं घालायचं काम. प्रत्येकाला तेच तेच सांगून कंटाळले म्हणून एकदाच लिहून टाकते.

आधी एक दोनशे पानी वही घ्या. आलेल्यांची नोंद सगळेच ठेवतात, न आलेल्यांची कोणीच ठेवत नाही. ज्या ज्या घरी विचारलंत ते प्रत्येक घर त्यात लिहा: वस्ती, आई किती शिकलीय, वडील काय काम करतात, घरात कुठली भाषा बोलतात आणि का नाही आले ते त्यांच्याच शब्दांत. नुसतं ‘नकार’ लिहून मोकळं होऊ नका. माझी जुनी वही उघडली तर सरळ ‘नको’ म्हणालेली घरं कमीच आहेत, बाकी सगळं ‘तेव्हा पाणी येतं’, ‘सासूबाईंना विचारून सांगते’, ‘खाडा पडतो’, ‘नंबर बंद’. म्हणजे त्यांनी आपल्याला नाकारलेलं नसतं, आपल्या वेळापत्रकातच त्यांना जागा नसते.

मग दर महिन्याला वस्तीप्रमाणे चार आकडे काढा. अंगणवाडीच्या यादीत मुलं किती, आपण विचारलं कितींना, आली किती, शेवटच्या व्हिजिटपर्यंत टिकली किती. गळती कुठल्या पायरीवर होतेय ते त्याशिवाय कळत नाही, आणि बऱ्याचदा ती पहिल्याच पायरीवर असते, म्हणजे आपण त्या गल्लीत गेलेलोच नसतो.

आमच्या एका स्टडीत उपाशीपोटी रक्त घ्यायचं होतं आणि व्हिजिटची वेळ सकाळी ९ ते १, ती पण हॉस्पिटलात. जनता वसाहतीतली बाई सकाळी चार घरची धुणीभांडी करते, तिनं पाच वर्षांचं पोर उपाशी ठेवून, टेकडी उतरून, दोन बस बदलून यायचं आणि वर आपण म्हणायचं की ह्यांना अवेअरनेस नाही! शेवटी रविवारी सकाळी साडेसातला वस्तीतल्याच समाजमंदिरात टेबल मांडलं, रक्त झालं की पोरांना लगेच दूध-केळं. एकही मीटिंग न घेता जमलं. फोनसुद्धा संध्याकाळी सातनंतरच करा आणि वडलांच्या नंबरसोबत शेजारच्या काकूंचा आणि गावाकडचा नंबर घेऊन ठेवा, कारण बांधकामावरची माणसं साइट संपली की वाघोलीहून हिंजवडीला जातात आणि सिमकार्डही बदलतात.

पैशाचं स्पष्ट बोला. जाण्यायेण्याचा खर्च आणि बुडालेला रोज द्यायचा, पण रक्कम आधी एथिक्स कमिटीकडून (स्टडी नीतीला धरून आहे का ते बघणारी समिती) मंजूर हवी आणि माहितीपत्रकात लिहिलेली हवी. त्याच दिवशी हातात द्या, रिक्षाचं बिल मागत बसू नका. रक्कम खाड्याइतकीच ठेवा, त्याहून मोठी झाली की ते आमिष होतं आणि मग ज्याला गरज आहे त्याला नाही म्हणताच येत नाही.

संमतीच्या फॉर्मची भाषा हा माझा दुखरा विषय आहे. ‘यादृच्छिक पद्धतीने विभागणी करण्यात येईल’ हे मलाच दोनदा वाचावं लागतं, ‘चिठ्ठी टाकून ठरवू’ म्हणा की. आणि मराठी फॉर्म केला म्हणजे झालं असंही नाही, वडारवाडीत घरात वडारी बोलणारी आजी असते, मजुरांच्या वस्तीत तेलुगू, कन्नड, हिंदी, आणि निर्णय बहुतेक वेळा त्या आजीचाच असतो, म्हणून समजावताना ती समोर बसलेली हवी. वाचता येत नसेल तर स्टडीशी संबंध नसलेला साक्षीदार लागतो, आपलाच सहकारी उभा करू नका. सही केलेल्या फॉर्मची एक प्रत घरी द्या. औषधाची चाचणी असेल तर त्यातून इजा झाल्यास उपचार फुकट मिळतात, हे त्यांनी विचारायच्या आधी सांगा.

रक्त म्हटलं की ‘बाटलीभर काढतात आणि विकतात’ हे येणारच. तोंडानं पटवत बसू नका. मी पिशवीत रिकामी ट्यूब आणि घरातला चहाचा चमचा ठेवते, २ मिली पाणी त्यांच्यासमोर चमच्यात ओतते, अर्धा चमचासुद्धा भरत नाही. आजी चमचा हातात घेऊन बघते, मग सुनेला देते आणि पुढचं बोलणं आपोआप सुरू होतं.

पोराला पण विचारायचं बरं का. आयसीएमआरच्या (देशातल्या वैद्यकीय संशोधनाची सरकारी परिषद) २०१७ च्या गाइडलाइन्सप्रमाणे ७ ते १२ वर्षांच्या मुलाची तोंडी संमती लागते, १२ ते १८ च्या मुलांची लेखी. सात वर्षांची पोरगी ‘नाही’ म्हणाली तर आई कितीही हो म्हणो, ट्यूब परत पिशवीत.

आता उलटी बाजू. मोठ्या सोसायटीत वॉचमनच आत सोडत नाही आणि सोडलं तर ‘आमच्या पीडियाट्रिशियनला विचारतो’ म्हणून सांगतात, तो फोन आजतागायत आलेला नाही. म्हणजे सुई टोचायच्या स्टडीत वस्तीतली मुलं आणि मोबाइल ॲपवरच्या स्टडीत सोसायटीतली, असं होऊन बसतं. गरीब घरांची संख्या वाढवायला म्हणून शॉर्टकट तर अजिबात नको. २००९ मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मममध्ये एचपीव्ही (गर्भाशयमुखाच्या कॅन्सरविरुद्धच्या) लशीच्या प्रकल्पात वसतिगृहातल्या मुलींच्या फॉर्मवर आईबापांऐवजी वॉर्डननी सह्या केल्या होत्या, २०१० मध्ये प्रकल्प थांबला आणि लोकांचा विश्वास गेला तो गेलाच. अंगणवाडी ताईंना ओळख करून द्यायला सांगा, ‘सही करून घ्या’ असं सांगू नका.

कधीकधी एकाच थरातली मुलं घेणं बरोबरही असतं. आयएपीचे (बालरोगतज्ज्ञांची देशपातळीवरची संघटना) २०१५ चे वाढीचे तक्ते मध्यम आणि वरच्या वर्गातल्या मुलांवरूनच केलेत, कारण नीट खायला मिळालेलं मूल किती वाढतं तेच बघायचं होतं. पण ते ठरवून होतं आणि तसं लिहिलंय. तुमच्याकडे चुकून तसं झालं असेल तर थीसिसमध्ये ‘पुण्यातली मुलं’ लिहू नका, ‘कोथरूडची’ लिहा.

आणि गाईड म्हणाले की एवढी उठाठेव कशाला, तर त्यांना १९९३ चं सांगा. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांच्या टीमनं पुण्याजवळच्या सहा गावांतल्या लग्न झालेल्या बायकांपासून, त्या गरोदर राहायच्या आधीच सुरुवात केली, बाळांचं सरासरी वजन २.७ किलो निघालं, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांचं ३.५, पण आपल्या बाळांच्या अंगावरची चरबी त्या मानानं कमी झालेली नव्हती. हडकुळ्या दिसणाऱ्या बाळातही चरबी असते हे त्या खेड्यातल्या बायका आल्या म्हणून कळलं, आणि ती मुलं मोठी झाल्यावरही तपासणीला येत राहिली.

टिकवायचं असेल तर रिपोर्ट परत द्या. हिमोग्लोबिन किती, कमी आहे का, असेल तर कुठं जायचं, तीन ओळी मराठीत, मोठ्या अक्षरात, आठवड्याच्या आत, घरी नेऊन. ताडीवाला रोडच्या एका घरात मी तीन वर्षांपूर्वी दिलेली चिठ्ठी देव्हाऱ्यामागे रेशनकार्डात घडी करून ठेवलेली बघितली. त्या गल्लीत पुढच्या स्टडीला मला कुणाचंच दार वाजवावं लागलं नाही.